शेरभर तांदूळ, दिवसभर बाग

कलकत्त्याचा इंग्रज बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४ साली काशीत आला आणि तिथल्या एका मराठी माणसाच्या दानधर्माची हकिगत आपल्या रोजनिशीत लिहून गेला. तो माणूस म्हणजे अमृतराव पेशवे, राघोबादादांचे दत्तक पुत्र. वर्षातून एका दिवशी ते येईल त्या ब्राह्मणाला, आंधळ्याला, पांगळ्याला शेरभर तांदूळ आणि एक रुपया देत. रुपया मिळतोय म्हटल्यावर एकच माणूस दोनदा रांगेत उभा राहणार, हे पेशव्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. त्यांनी साधा बंदोबस्त केला होता. दान पदरात पडलं की त्या माणसाची रवानगी मोठ्या बागेत करायची आणि दिवस मावळेपर्यंत त्याला बाहेर सोडायचं नाही. बागेत सावली होती, पाणी होतं, गप्पांना माणसं होती, दर्शनाला देव होते. घरी जायची तेवढी सोय नव्हती.

हे मी वाचलं ते काशीच्या राजा घाटावर, मोबाइलवर. घाट अमृतरावांनीच बांधलेला. आणि वाचताना ध्यानात आलं, की आपणही सकाळपासून त्याच बागेत कोंडले गेलो आहोत.

झालं होतं असं. राजा घाट नारद घाटाच्या शेजारी आहे. नारद घाटावर नवरा-बायकोनं जोडीनं स्नान केलं तर भांडणं लागतात, अशी काशीत समजूत. नारदाचं नाव आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार! आमच्या घरात या बाबतीत नारदाच्या मदतीची गरज कधी पडलेली नाही, तरी खबरदारी म्हणून आम्ही चार पावलं पुढे सरकून राजा घाटावर बसलो. दशाश्वमेधाचा गलबला इथवर पोचत नाही. नावाडी गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. ‘‘पेशवा लोगों का घाट है, बाबूजी,’’ त्यानं उगाच माहिती दिली. कुठले पेशवे, मी विचारलं. त्यानं हात आकाशाकडे केला. मग मी मोबाइल काढला. मागणी शेरभर तांदळाचीच होती. एक नाव आणि एक सन, एवढंच हवं होतं.

आधी मराठी विश्वकोश उघडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून ज्याचा संसार मांडला, पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि पुढे वीस खंड झाले, तोच हा. आता तो सगळा फुकट वाचायला मिळतो. विश्वकोशाचं मला एक आवडतं. वाचकाला खूश करायची त्याला अजिबात घाई नसते. नोंद कोरडी, वाक्यं सरळ आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. पेशवाईच्या नोंदींतून फिरताना चित्र जुळत गेलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरे बाजीराव पळाले आणि होळकरांनी अमृतरावांना पुण्यात आणलं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला आणि इंग्रजांचा हात धरून गादीवर परत आले. अमृतरावांनी इंग्रजांशी समेट केला, वर्षाला सात लाख रुपयांची पेन्शन घेतली आणि उत्तरेत येऊन राहिले. सात लाख, तेही १८०३ सालचे! मी स्वतः पेन्शनर आहे. हा आकडा वाचून मी थोडा वेळ गंगेकडे पाहत बसलो.

‘‘अहो, नाव करायची ना?’’ बायकोनं विचारलं.

‘‘एवढं बघतो आणि निघू,’’ मी म्हणालो. बागेतला प्रत्येक माणूस हेच म्हणत असणार.

तिथून इंटरनेट अर्काइव्ह. ब्रूस्टर केल नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९९६ मध्ये हा उद्योग सुरू केला. जगातलं सगळं ज्ञान सगळ्यांना मिळावं, ही त्याची साधी इच्छा. अशा इच्छा आपल्यालाही होतात, पण आपण चहा पिऊन विसरतो. हेबरची रोजनिशी तिथंच सापडली. १८२६ मध्ये त्रिचनापल्लीला तो अकाली वारला आणि त्याच्या पत्नीनं १८२८ मध्ये ती छापून घेतली. (हे वाक्य मी बायकोला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘‘तुमच्या वह्या मी रद्दीत घालणार आहे,’’ ती म्हणाली.) अशी जुनी पुस्तकं पडद्यावर चाळताना कधीतरी पानाच्या कडेला एक अंगठा दिसतो. पानं उलटून फोटो काढणाऱ्या कुणा कामगाराचा, रबरी टोपी घातलेला अंगठा. तो हात लगबगीनं मागे घ्यायचा राहिला आणि पुस्तकाबरोबर अमर झाला. मला हे पान मजकुराच्या पानाइतकंच आवडतं. अन्नछत्रात वाढप्याचा चेहरा कुणी पाहत नाही. इथं निदान अंगठा तरी दिसतो.

हेबरवरून गाडी जेम्स प्रिन्सेपवर गेली. हा १८२० ते १८३० काशीच्या टांकसाळीत होता. नाण्यांच्या धातूचा कस पाहणं हे त्याचं काम. पण त्यानं शहराचा नकाशा केला, माणसं मोजली, सांडपाण्यासाठी भुयारी गटार बांधून घेतलं, औरंगजेबाच्या मशिदीचे कलते मिनार दुरुस्त केले आणि उरल्या वेळात घाटांची अशी चित्रं काढली की ती पाहून आजचे फोटो फिके वाटावेत. ती विकिमीडिया कॉमन्सवर कुणालाही मोठी करून पाहता येतात. पुढे कलकत्त्याला जाऊन १८३७ मध्ये त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोक पुन्हा बोलू लागला. १८४० मध्ये तो गेला तेव्हा चाळिशीतच होता. त्याच्या कचेरीत हजेरीपट कोण सांभाळत होतं, हे मात्र कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

काशीतल्या मराठी माणसांचा माग काढत गेलं की बापूदेव शास्त्री भेटतात. जन्म १८२१ चा, घराणं नगरकडचं. काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत ते गणित आणि ज्योतिष शिकवत. सूर्यसिद्धान्ताचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. तोही अर्काइव्हवर आहे. मी उघडला, दोन पानं वाचली, काहीही कळलं नाही. पण मग स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज विद्यापीठाच्या मॅकट्यूटर या संकेतस्थळावर गेलो. तिथं गणितज्ञांची चरित्रं आहेत. मला गणिताची धास्ती आहे, गणितज्ञांची नाही. भास्कराचार्यांपासून रामानुजनपर्यंत सगळे तिथं माणसासारखे भेटतात, अगदी परीक्षेत नापास झाल्याच्या हकिगतींसकट. शाळेत आधी हे दाखवलं असतं तर त्रैराशिकाशी माझं इतकं वैर जडलं नसतं.

या भ्रमंतीत ऊन डोक्यावर आलं. बायको मात्र एव्हाना तिच्या मोबाइलवर वेगळ्याच बागेत शिरली होती. पुण्याचे अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करतात, त्यांच्या संकेतस्थळावर. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा इंजिनिअर काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन भूमिती शिकवायला निघाला. २०१८ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. खेळण्यांच्या कृती तिथं आहेतच, शिवाय मराठी आणि हिंदीतली पुस्तकं इतकी, की नातवंडांची सुटी संपेल पण पुस्तकं संपणार नाहीत. बायकोनं शीतपेयातली नळी घेतली, एक टोक दातांनी चपटं केलं, पर्समधल्या छोट्या कात्रीनं दोन्ही बाजूंनी तिरपं कापून टोकदार केलं, तोंडात धरलं आणि फुंकलं. राजा घाटावर म्हैस हंबरल्यासारखा आवाज झाला. नावाड्याची मुलगी धावत आली. मग तिचा भाऊ. मग कुठून कुठून पाच-सात पोरं. नळी कात्रीनं आखूड करत गेलं की सूर चढतो, हे त्या मुलीनं कुणी न सांगता शोधून काढलं आणि नळी संपेपर्यंत शोधत राहिली.

दोन शतकांचा इतिहास पालथा घालून माझ्या हाती काय आलं, असं कुणी विचारलं असतं तर मला फार बोलावं लागलं असतं. बायकोचा निकाल सगळ्या घाटाला ऐकू येत होता.

सगळ्याच बागा अशा नसतात. राजा घाट शोधताना आधी जी पानं वर आली, त्यांत ‘काशीत ही दहा ठिकाणं चुकवू नका’ छापाचा मजकूर जास्त होता. अशा पानाला लेखक नसतो, तारीख नसते, आधार नसतो. असते ती जाहिरात, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की ती दाबायला नेम धरावा लागतो. अर्ध्यावर गेलं की पान मोबाइल नंबर मागतं. आमचे एक निवृत्त स्नेही अशाच एका पानावर पंचांग बघायला गेले आणि महिनाभर त्यांना कर्ज हवंय का, असे फोन येत राहिले. मी आता एकच पाहतो. हे कुणी लिहिलं आणि कशाच्या आधारानं, ते पानावर सांगितलंय का? सांगितलं असेल तर बसावं, नसेल तर उठावं. केतकरांचा ज्ञानकोश शंभर वर्षांचा झाला, त्यातली कितीतरी माहिती जुनी झाली, पण त्याच्याशी वाद घालता येतो. निनावी पानाशी वाद घालायचा कुणी?

चांगल्या पानांचीही एक खोड असते. ती मरतात. कुणी तळमळीनं उभारलेलं संकेतस्थळ एके दिवशी उघडतच नाही, कारण दरवर्षीचं शुल्क भरणारा माणूस निवृत्त झालेला असतो. अशा वेळी अर्काइव्हचं वेबॅक मशीन वापरून पाहावं. जुना पत्ता त्यात टाकला की पुष्कळदा ते पान जसं होतं तसं समोर येतं. श्राद्धाला सगळे पूर्वज एका पंगतीत भेटावेत, तसा थोडा प्रकार.

नाव शेवटी केली, पण उन्हाची आणि भाव उतरवून. घाटावरून ती हलली तेव्हा नावाडी म्हणाला, ‘‘बाबूजी, पेशवा का पता चला?’’ मी त्याला हडपसर, होळकर, वसई, सात लाख सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या फेरीच्या गिऱ्हाइकांना तो सात लाखांची गोष्ट सांगेल, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगेल, याबद्दल मला शंका नाही. वल्ही मारता मारता त्यानं तिचा पहिला मसुदा माझ्याच समोर तयार केला. त्यात पेन्शन सत्तर लाखांची झाली होती.

आता तुमच्याकडे एक मागणं. मराठी विकिस्रोतावर जुनी मराठी पुस्तकं छायाचित्रांच्या रूपात चढवलेली असतात आणि कोणीतरी त्यांचं मुद्रितशोधन करायचं असतं. डाव्या बाजूला यंत्रानं ओळखलेला मजकूर, उजव्या बाजूला मूळ पान. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलेलं पिवळं आणि दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतःच तपासलेलं पान स्वतः हिरवं करता येत नाही. दोनदा रांगेत उभं राहण्याची सोय इथंही नाही, अमृतरावांना ही व्यवस्था पसंत पडली असती. यंत्र देवनागरी वाचताना जोडाक्षरांपाशी अडखळतं, म्हणून माणूस लागतो. पदवी लागत नाही, पैसे लागत नाहीत, मराठी वाचता येणं पुरतं. बागेत इतके दिवस फुकट बसलात, तर आज एक लाल पान उघडा आणि पिवळं करून ठेवा.