पाच मिनिटांचा डाव

"पाच मिनिटांचा खेळ आहे, नियम तर काहीच नाहीत," असं म्हणून पुढची पंचवीस मिनिटं नियम समजावणारा माणूस प्रत्येक मराठी कुटुंबात एक तरी असतोच. पूर्वीच्या एकत्र कुटुंबांत असे दोघे-तिघे असत. त्यांच्या आपसातल्या वादाचा निकाल लागेपर्यंत बाकीची मंडळी जेवून, सतरंज्या घालून झोपी जात. लग्नाच्या कार्यालयात मुहूर्ताला अवकाश आहे, गाडी भुसावळच्या अलीकडे सिग्नलला अडकली आहे, इस्पितळात डॉक्टरांचा राउंड व्हायचा आहे. चार माणसं रिकामी दिसली की या गृहस्थाचा हात आपोआप पिशवीत जातो. सगळे त्याला काका म्हणतात. तो पस्तिशीचा असला तरी काकाच.

काकांच्या पिशवीत काय काय असतं? पत्त्यांचे दोन कॅट, त्यातला एक प्लॅस्टिकचा, कारण तो भिजला तरी चालतो. दोन्हींवर दुधाच्या पिशवीचे रबर. उनोची खोकं फाटलेली जोडी. रेल्वेच्या डब्यात विकत घेतलेला लोहचुंबकाचा ल्युडो; त्यातली एक हिरवी सोंगटी हरवलेली, तिच्या जागी शर्टाचं बटण, आणि बटणाला लोहचुंबक नसल्यामुळे हिरवा गडी नेहमी गाडीच्या धक्क्याने मरतो. शिवाय गुण मांडायला कुठल्याशा सहकारी बँकेची जुनी डायरी. तिच्यात मागच्या दिवाळीचे गुण अजून आहेत, आणि कोणी जिंकल्याचा फार आव आणला तर काका ते पान काढून दाखवतात.

काशीयात्रेत या माणसाला बहर येतो. यात्रा म्हणजे थोडं दर्शन आणि पुष्कळ वाट पाहणं. संध्याकाळी दशाश्वमेधला गंगेची आरती असते. तिथे गर्दी उसळते, म्हणून टूरवाले मंडळींना बरंच आधी आणून दक्षिणेकडे थोडं सरकून अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसवतात. या घाटाचं जुनं नाव केवलगिरी घाट. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात तो बांधून काढला आणि वर वाडा उभारला. विश्वनाथाचं आजचं मंदिरही त्यांनीच बांधवलं, १७८० साली. एवढी माहिती गाइड सांगतो, "सब लोग यहीं बैठिए" म्हणतो आणि चहाला निघून जातो. आरतीला तासाभराहून जास्त अवकाश. चाळीस मराठी माणसं, समोर गंगा, पायरीवर बूड, आणि करायला काही नाही. काका पिशवी उघडतात.

पहिला आक्षेप घरूनच येतो. "अहो, तीर्थाच्या ठिकाणी पत्ते काय काढता? चारचौघांत शोभतं का?"

काकांचं उत्तर पाठ असतं. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळत बसलेले कोरले आहेत. एकविसाव्या लेण्यात आहेत, एकोणतिसाव्यात आहेत, चौदाव्यातही आहेत. त्या लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वर, आणि त्याचाही जीर्णोद्धार केला अहिल्याबाईंनीच. "म्हणजे देव खेळणारा आणि देऊळ बांधणारी एकच. आता त्यांच्याच घाटावर आपण एक डाव टाकला तर कुणाचं काय बिघडलं?" युक्तिवादात कच्चे दुवे पुष्कळ आहेत, पण काकूंना एकविसावं लेणं आठवत नसल्याने तो टिकतो. काकू धर्मराजाचं नाव घेतात. काका सर्वोच्च न्यायालयात जातात: १९६७ च्या निकालात न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलेला आहे, आणि आपण तर पैसेही लावत नाही. कज्जा इथवर आला की काकू पर्समधून जपमाळ काढतात. ही संमती समजली जाते.

घाटावरचा खरा शत्रू वारा. वाटलेली पानं उडतात, इस्पिकची राणी दोन पायऱ्या उतरून गंगास्नानाला निघते, आणि एखादा नावाडी ती उचलून आणून देताना आपणहून सल्लाही देतो, कारण बनारसला दुपारचे पत्त्यांचे अड्डे काही नवे नाहीत. काकांनी उपाय शोधलेला असतो. प्रत्येक हातावर एकेक चप्पल ठेवायची. चपलेला पान लागणं हा लक्ष्मीचा अपमान की फक्त राणीचा, यावर पाच मिनिटं जातात. जाहीर केलेली पाच मिनिटं ती हीच.

मग मेंढीकोट. चार गडी, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. दश्श्या चार, त्या ओढायच्या. चारही आल्या तर कोट. हे सगळ्यांना येतं, म्हणून काका समजावतात. भांडण हुकमापाशी होतं. काकांच्या सदाशिव पेठी घरात हुकूम बंद: एक पान पालथं ठेवायचं, कुणाला रंग नसला की उघडायला लावायचं. समोर बसलेल्या नागपूरच्या मावशी मान हलवतात. "आमच्याकडे नाही बा असं राहत. ज्याला रंग नाही त्यानं जे पान टाकलं, तोच हुकूम."

"तो कट हुकूम. तो वेगळा खेळ झाला."

"वेगळा कसा? आम्ही तर हाच खेळतो."

"अहो मावशी, आपण होळकरांच्या घाटावर बसलोय."

"आणि तो बाजूचा मुन्शी घाट? तो आमच्या नागपूरच्या दिवाणाचा आहे," मावशी म्हणतात. गाइडने हे सांगितलं तेव्हा काका रबर शोधत होते. मुन्शी घाट खरोखरच नागपूर दरबारच्या श्रीधर नारायण मुन्शींच्या नावाचा, आणि अगदी खेटून. काकांना कळून चुकतं की चटई दक्षिणेला जराशी सरकवली तर हुकूम कट होईल. ते घाईघाईने तह करतात: पहिला डाव बंद, दुसरा कट. तिसऱ्याची वेळ कधी येत नाही.

"आमच्याकडे" या एका शब्दावर या माणसाचा सगळा संसार चालतो. बदाम सात घ्या. बदामाची सत्ती मांडायची, दोन्हीकडे पानं लावत जायचं, ज्याची पानं आधी संपतील तो सुटला. इतका साधा खेळ. पण आमच्याकडे पान असताना पास म्हणता येत नाही, तुमच्याकडे येतं का? पाच-तीन-दोनमध्ये तिघांना दहा-दहा पानं, म्हणजे तीस लागतात. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत अठ्ठावीसच भरतात. मग दोन सत्त्या घ्यायच्या. त्या इस्पिक-बदामाच्या, असं जगाला माहीत आहे. तरीही कोल्हापूरकडचा एखादा जावई किल्वरची पुढे करतो आणि सासरी कायमचा कमी मार्कांत राहतो. काका अशा जावयाला टाकून देत नाहीत. उलट त्याचा नियम डायरीत टिपून घेतात, पुढच्या भांडणात कामाला येतो म्हणून.

निव्वळ नशिबाच्या खेळांना मात्र ते हात लावत नाहीत. भिकार-सावकार म्हणजे पोरांना झोपवायचं औषध. व्यापार तर पिशवीतच नाही. एकदा मे महिन्यात मांडला होता, तेव्हा मेहुण्याने मुंबई सोडली नाही, आणि कॅलेंडरवर जून आला. झटपट खेळाची त्यांची व्याख्या पक्की आहे: चहा गार व्हायच्या आत संपला पाहिजे. प्रत्यक्षात चहा गार होतो, पुन्हा गरम होतो, आणि दुसऱ्यांदाही गार होतो. पण त्यात खेळाचा दोष काय?

नातवंडांसाठी उनो निघतो. इथे काका इतिहासात शिरतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाचा न्हावी होता. पत्त्यांच्या 'क्रेझी एट्स' या खेळाच्या नियमांवरून त्याचं मुलाशी वाजलं, आणि त्या वादातून त्याने १९७१ मध्ये हा खेळ काढला. घरच्यांनी पैसे एकत्र केले आणि पहिले पाच हजार कॅट छापून घेतले. ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज भरून येतो. जगात कुठेतरी एका माणसाचं नियमावरचं भांडण सत्कारणी लागलं! मूळ कॅटात पानं १०८. काकूंच्या हातातल्या माळेकडे बोट दाखवून काका म्हणतात, "तुझे मणी तेवढीच माझी पानं." काकू मेरुमणी धरून म्हणतात, "माझी संख्या रोज पूर्ण होते. तुमचा डाव कधी पूर्ण झालेला पाहिला नाही."

नातू अधिक दोनवर अधिक दोन टाकतो. काका हात वर करतात. असं चालत नाही, खुद्द कंपनीने २०१९ मध्ये ट्विटरवर जाहीर केलंय, एकावर एक चढवायची नाहीत, मुकाट्याने दोन उचलायची. नातू थंडपणे सांगतो, "आजोबा, आमच्याकडे चालतं." इथे काका गप्प होतात. स्वतःचंच हत्यार स्वतःवर चालताना त्यांनी फार वेळा पाहिलेलं नाही.

कडेला दोन कॉलेजकुमार मोबाइलवर ल्युडो किंग खेळतात. नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा खेळ २०२०च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. त्यात फासा पायरीखाली जात नाही, सोंगटी हरवत नाही, आणि कुणी सरकवली असा आळही घेता येत नाही. काकांचा नेमका यालाच आक्षेप आहे. ज्या ल्युडोत आळ घेता येत नाही तो कसला ल्युडो? त्यांच्या मताने इंग्रजांनी आपला पचिसी उचलून पेटंट घेतलं तिथेच अर्धी मजा गेली. कवड्या गेल्या आणि फासा आला. उरलेली मोबाइलने घालवली. मोबाइल नियम सांगूच देत नाही, परस्पर पाळायला लावतो. काकांसारख्या माणसाने मग करायचं काय?

जिंकण्याची त्यांना फारशी हौस नसते, हेही नमूद करायला हवं. ते बहुधा हरतात. दुसऱ्याची पानं, दुसऱ्याची चूक आणि दुसऱ्याने पाळायचा नियम यांत लक्ष असल्यावर स्वतःचा एक्का कधी टाकायचा ते राहून जातं. डाव संपला की त्यांचा आवडता भाग सुरू होतो. "तिसऱ्या हाताला तू चौकटची नव्वी टाकलीस ना, तिथे गेला डाव." सगळ्यांची सगळी पानं त्यांना आठवतात. आदल्या मुक्कामी हॉटेलच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही.

सामानाच्या तळाशी, काकूंच्या पैठणीत गुंडाळलेली, एक लाखेची पेटी असते. सावंतवाडीचा गंजिफा. गोल, हाताने रंगवलेली १२० पानं. दशावताराचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, त्यांत राजा आणि प्रधान. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आपल्याकडे या पत्त्यांना अवतार मिळाले. कला मरायला टेकली होती, तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती उठवली. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. लोक हे पत्ते काचेच्या कपाटात ठेवतात. काकांना ते खेळायचे आहेत, आणि तेही काशीत. खरेदीपासून आजवर त्यांना तिसरा गडी भेटलेला नाही.

आज नागपूरच्या मावशी तयार झाल्या, कॉलेजकुमारांपैकी एकाची बॅटरी संपली, आणि तिघे जमले. "पाच मिनिटांचा डाव," काका म्हणाले. निम्म्या रंगांत दहापासून उतरत्या क्रमाने पानं मोठी, निम्म्यांत उलटं, एक्का मोठा. आणि पहिली उतारी? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम त्याची, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची.

"मग आत्ता कोण?" पोराने विचारलं.

काकांनी वर पाहिलं. काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून बसलेले. सूर्य होळकरांच्या वाड्यामागे गेलेला, त्यामुळे पायऱ्यांवर सावली, जवळजवळ संध्याकाळ. पण गंगेपलीकडच्या वाळूवर अजून लख्ख ऊन. अलीकडे कृष्ण, पलीकडे राम.

"आपण बसलोय तिथलं धरायचं," मावशी म्हणाल्या.

"सूर्य मावळला नाहीये, वाड्याआड गेलाय. तांत्रिकदृष्ट्या दिवस आहे," काका म्हणाले.

पोराने काकांच्या मोबाइलवर पाहिलं. सूर्यास्ताला सहा मिनिटं होती.

"म्हणजे राम," काका म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटली. १२० पानं वाटायची, वारा, चपला. "पण वाटून होईपर्यंत कृष्ण होईल. वेळ कधीची धरायची, वाटतानाची की उतारीची?"

"आमच्याकडे उतारीची धरतात," मावशी ठामपणे म्हणाल्या.

"तुमच्याकडे गंजिफा खेळतात?"

"नाही ना. पण खेळलो असतो तर उतारीचीच धरली असती."

काकांनी डायरी उघडली आणि ते लिहून घेतलं.