फुकटचे तीनशे मार्क

माझे मामा दारव्ह्याकडचे कापूसवाले शेतकरी. मॅट्रिकला किती मार्क पडले, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून कधी सांगितलं नाही. साठी उलटल्यावर मात्र पोराच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करायला यवतमाळला गेले, तर टेबलापलीकडच्या पोरीनं आधी मार्कच विचारले.

"काका, स्कोअर किती?"

"काह्याचा?"

सिबिलचा. ही परीक्षा ३०० ते ९०० मार्कांची. हप्त्यांची कितीही धूळधाण करा, ३००च्या खाली कुणी जात नाही. एवढी उदार परीक्षा आमच्या वेळी असती तर घरातले निम्मे लोक पदवीधर झाले असते. मामा त्या फुकटच्या मार्कांच्या आसपासच घोटाळत होते. निमित्त ट्रॅक्टरचं. बँकेनं तो कधीच ओढून नेऊन विकला होता आणि उरलेल्या रकमेचा हुकूमनामा मामांच्या नावावर झाला होता.

"आता वसुलीची दरखास्त लागेल, बेलीफ जप्तीला येईल," वकील म्हणाले, तशी मामींनी भांडी मोजायला घेतली. पण १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता मोठी मायाळू निघाली. तिच्या साठाव्या कलमानं अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे बाईनं उतरवू नये असा दागिना, शेतकऱ्याची औतं, लागतील तेवढी जनावरं, बियाणं आणि राहतं घर जप्तीतून सोडलं आहे. मामींनी घरभर नजर फिरवली. उरला टीव्ही आणि सोसायटीच्या निवडणुकीत पडल्यावर मामांना मिळालेलं सन्मानचिन्ह.

"अन् जेल?" मामांनी विचारलं.

वकील म्हणाले, "फार तर तीन महिने. पण कैद्याच्या जेवणाचा भत्ता पैसे मागणाऱ्यानंच भरायचा."

"म्हंजे बँक मले जेवू घालीन?" मामांचा चेहरा उजळला. वकिलांनी लगेच विरजण टाकलं. ऐपत असून टाळाटाळ केली, हे आधी दिसावं लागतं. नुसत्या गरिबीसाठी कुणाला आत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. एकंदरीत तुरुंगातही मामांची पात्रता बसेना.

"मंग वावर?"

"वावर जप्त होतं."

मामा त्याच आठवड्यात कापूस विकून शाखेत गेले, जमले तेवढे पैसे भरले आणि पावती बंडीच्या खिशात घालून निर्धास्त झोपले. तिकडे न्यायालयात दरखास्त चालूच! संहितेच्या एकविसाव्या आदेशाचा दुसरा नियम असा की, हुकूमनाम्याचे पैसे बाहेर परस्पर दिले, तर ते न्यायालयात नोंदवावे लागतात. नाहीतर दरखास्तीपुरते ते दिलेच नाहीत. ऋणकोनं अर्ज करायला मुदत तीस दिवसांची. वकिलांनी पावती खिशातून जवळजवळ ओरबाडून घेतली.

बाकीच्या रकमेसाठी लोक अदालतीची नोटीस आली. बँक व्याजात घसघशीत सूट द्यायला तयार. सगळं गणगोत म्हणालं, घ्या. आडवा आला तो ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो मामेभाऊ. सूट घेतली की खात्यापुढे 'सेटल्ड' लागतं; पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड'. आणि कर्जाच्या या नोंदी सिबिलसारख्या कंपन्या किमान सात वर्षं जपून ठेवतात. शनीची साडेसाती, यांची साती; सहा महिन्यांची सवलत एवढाच काय तो फरक. शनीला निदान तेल तरी वाहता येतं.

मामांनी सूट नाकारली. पैसे कमी करा म्हणून रडणारे पक्षकार पॅनेलनं रोज पाहिले असतील. पूर्ण घ्या म्हणून हटून बसलेला बहुधा पहिलाच. बँकेचा माणूस तर संशयानं नोटा... माफ करा, डिमांड ड्राफ्ट उजेडात धरून पाहत होता. पूर्ण वसुलीची नोंद झाली, दरखास्त निकाली निघाली. मग बँकेचा बेबाकी दाखला, मग तलाठ्याकडे सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचा फेरफार. कर्ज घेताना एका सहीत बसलेला बोजा उतरताना मामांच्या चपला झिजवून गेला.

एवढं करून मामेभावानं सिबिलचा उतारा काढला (वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो), तर थकबाकी जशीच्या तशी! बँकेनं पुढं कळवलंच नव्हतं. आम्ही मामांना सांगायला कचरत होतो. पण पोरानं तक्रार ठोकली आणि सोबत रिझर्व्ह बँकेचा नियमही वाचून दाखवला: तीस दिवसांत तक्रार सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई.

मामा ताठ बसले. "म्हंजे आपलं मीटर त्याईच्यावर?"

तेव्हापासून कॅलेंडरवर रोज एक फुली पडते आहे. काल पोरगा म्हणाला, बँकेला पुन्हा एक आठवण करून देतो, तर मामा खेकसले, "काऊन? घाई कोनाले हाय?"