बिनपगारी न्हावी

पारा ४५ च्या पुढे सरकला, की नागपूरच्या रामदासपेठेत कूलरला नव्या ताट्या लागतात, माठ भरले जातात आणि काकांच्या कपाटातून मशीन बाहेर येतं. हे काका प्रत्येक गल्लीत एक तरी असतातच. निवृत्त, अंगणात आंबा, आणि परदेशी गेलेल्या मुलानं मागं ठेवलेला गोल्डन रिट्रीव्हर. आजूबाजूच्या दवाखान्यांची बिलं ते निमूट भरतात. पण कुत्र्याच्या कटिंगचा भाव ऐकला, की उसळतात. "माझी चंपीसकट याच्या निम्म्यात होते!"

लिओ वाल नावाच्या अमेरिकन माणसानं १९१९ च्या सुमारास विजेचं क्लिपर आणलं, ते माणसांसाठी. काकांचा हिशेबही माणसांचाच. सलूनमध्ये आकडा मोठा तितके केस लांब राहतात, म्हणून ते ४० चं पातं लावतात. कुत्र्यांच्या पात्यांचं गणित उलटं असतं. १० चं पातं जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं, आणि ४० चं पातं ऑपरेशनआधी चिरायची जागा साफ करायला वापरतात.

पहिल्याच हाताला पाठीवर गुलाबी रस्ता उघडतो.

तरी त्याआधी अंघोळ घालून झालेली असते. विंचरण्याआधी भिजवलं की गुंते आणखी आवळतात, हे काकांना मशीन अडकल्यावर कळतं. अडकलेलं मशीन रेटलं की पातं तापतं. पातं मधूनमधून आपल्या मनगटाला लावून पाहावं, हे सांगणारं कोणी नसतं. कुत्रा अंग झटकून कूलरमागं शिरतो. काकू हातात बिस्किटाचा पुडा घेऊन दारात. "अहो, अर्धा झाला, आता राहू द्या त्याला!"

शेवटी कुत्र्याला दाखवायला नेतात, तेव्हा सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलेला डॉक्टर शांतपणे विचारतो, "काका, उन्हात निघताना तुम्ही डोक्याला दुपट्टा काहून बांधता?"

काका गप्प. दुपट्टा खांद्यावर, कांदा खिशात.

या जातीला केसांचे दोन थर. आतली दाट लव थंडीत ऊब धरते, आणि उन्हाळ्यात वरच्या केसांसोबत बाहेरची झळ अडवते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. बाकी उष्णता जिभेवाटे, धापा टाकून जाते. तेव्हा गळती लव विंचरून काढायची आणि पंजांमधले केस कापायचे, एवढंच काम. सरसकट मशीन मारलं, तर केस कधीकधी ठिगळं लावल्यासारखे परततात. पूडल किंवा शी त्झू असता, तर गोष्ट निराळी. त्यांचे केस वाढतच राहतात, कापावेच लागतात.

नवतप्यातल्या एका सकाळी साडेसहालाच काका फिरायला निघतात. कुत्र्याची शेपूट झुबकेदार, मान सिंहासारखी, मधला भाग सोललेला. "कोन्ती जात आहे हो काका?" कोपऱ्यावरचा पोट्टा विचारतो.

काका पट्टा ओढतात आणि चालू लागतात. उघड्या पाठीला ऊन लागू नये म्हणून काकूंनी कुत्र्याच्या अंगात काकांचंच जुनं बनियन घातलेलं असतं.