सोनीचं घर फोडलं कुणी?

अहो, ऐकलंत का? जरा अशा इकडे सरका, जिन्याजवळ नको, तिथे आवाज घुमतो. काल रात्री आमच्याकडे पुन्हा तोच विषय निघाला, सोनीचा. हो हो, टीव्हीवाली सोनीच, पण तिचा तो अमेरिकेतला सिनेमाचा स्टुडिओ. प्रकरण २०१४ सालचं, पण आमच्या घरात अजून मिटलेलं नाही. भाचा हिंजवडीला कंप्युटरात, तो म्हणतो उत्तर कोरियानेच केलं. आमचे हे म्हणतात, छे, घरभेद्याचं काम! ताटातला भात वाळून गेला तरी दोघं हटेनात. मी मध्ये बसून लिंबाचं लोणचं वाढतेय आपली.

तुम्हाला आठवतंय ना, २४ नोव्हेंबरची ती सकाळ? सोमवार. माणसं कामावर येतात, कंप्युटर लावतात, तर पडद्यावर लाल सापळा! आणि खाली धमकी, तुम्हाला आधीच बजावलं होतं, ही तर सुरुवात आहे म्हणून. ‘गार्डियन्स ऑफ पीस’ म्हणे. शांततेचे रखवालदार, आणि काम काय तर दुसऱ्याचं घर धुऊन न्यायचं. बरं, नुसतं नेलं नाही, जाताना कंप्युटर पार कोरे करून गेले. एवढा मोठा हॉलिवूडचा स्टुडिओ, पण दिवसच्या दिवस कागद-पेन घेऊन बसला होता. अडगळीतले जुने ब्लॅकबेरी फोन शोधून काढले, पगाराचे चेक जुन्या मशीनवर छापले. आणि पासवर्ड कुठे ठेवले होते माहितीये? ‘पासवर्ड’ नावाच्याच फोल्डरमध्ये! आता बोला. आमच्या सासूबाईंनी कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात ठेवायची रीत घालून दिली होती, ती काय उगीच?

पाच सिनेमे बाहेर आले, ४७,००० माणसांचे ते सोशल सिक्युरिटी नंबर गेले, जुन्या नोकरांचेसुद्धा. पण खरी मजा आली ती ईमेलांनी. ती एमी पास्कल, तिथली मोठी बाई, आणि तो निर्माता स्कॉट रुडिन. दोघांचं कसं चालायचं बघा. अँजेलिना जोलीला तिच्या क्लिओपात्रासाठी दिग्दर्शक डेव्हिड फिंचर हवा होता, आणि रुडिनला तोच स्टीव्ह जॉब्सवरच्या सिनेमाला हवा. तर हा तिच्याबद्दल काय लिहितो, गुण बेताचे आणि लाडावलेलं कार्टं! बाहेर पडलं ना सगळं. आणि नशीब कसं पाहा, त्याच आठवड्यात एका नाश्त्याच्या समारंभात पास्कलबाई आणि अँजेलिना समोरासमोर. पास्कल हात पुढे करून गळाभेटीला गेली आणि अँजेलिनाचे ते डोळे... तुम्ही पाहिलाय की फोटो, जगाने पाहिला. लग्नात ज्या नणंदेबद्दल आपण बोललो तीच पंगतीत शेजारी येऊन बसावी, तसा पास्कलबाईंचा चेहरा.

आणि ओबामांचं? त्यांना कुठले सिनेमे आवडत असतील, तर सगळे काळ्या लोकांवरचे, असं दोघांचं आपसात हसणं. मग दोघांनी माफ्या मागितल्या. जेनिफर लॉरेन्सचंही तेव्हाच कळलं. ‘अमेरिकन हसल’मध्ये पुरुषांना नफ्यातले ९ टक्के, हिला ७. तिने पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला, म्हणाली मला सोनीचा नाही, स्वतःचाच राग आला, मी लवकर मान्य केलं म्हणून. मला आवडलं हो ते. आपल्याकडे किती बायका...

तर काय सांगत होते, कुणी केलं!

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं ठाम मत आहे, पब्लिसिटी. ‘द इंटरव्ह्यू’ सिनेमा, किम जोंग उनला मारायला पाठवलेल्या दोन टीव्हीवाल्यांची विनोदी गोष्ट, तो चालावा म्हणून सोनीनेच केलेलं नाटक. मी म्हटलं, काकू, एवढं महाग नाटक कुणी करतं का? सिनेमाला खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर. धमकी आली, ११ सप्टेंबरची आठवण काढून, की मोठमोठ्या थिएटरवाल्यांनी हात वर केले, सोनीने नाताळचं प्रदर्शन रद्द केलं. मग ओबामा म्हणाले, चूक केलीत. मग पुन्हा नाताळाच्या आदल्या दिवशी यूट्यूबवर लावला, तीनशेहून जास्त छोट्या थिएटरांत दाखवला. आणि पास्कलबाईंची खुर्ची फेब्रुवारीत गेली ती गेलीच. सभेत सरळ म्हणाली, मला काढलं. पब्लिसिटीसाठी कुणी आपलीच मान कापून घेईल होय? काकूंनी तोंड वाकडं केलं, पण मत बदललं नाही. आता त्याच पास्कलबाई सोनीच्या स्पायडरमॅनच्या निर्मात्या आहेत म्हणा.

यांचं मत वेगळं. ते म्हणतात, चोराला घरातली खडान्‌खडा माहिती होती, म्हणजे आतलंच कुणीतरी. आणि ते काही अगदीच हवेत नाही हं. नॉर्स नावाच्या सुरक्षा कंपनीने एफबीआयला जाऊन सांगितलं होतं, कामावरून काढलेल्या माणसाचा हात दिसतो म्हणून. त्या वर्षी सोनीने माणसं काढलीच होती. कुणी भाषेचा अभ्यास केला तर म्हणे, हे इंग्रजी कोरियनपेक्षा रशियनाच्या हातचं वाटतं. ब्रूस श्नायरसारखा कंप्युटर-सुरक्षेतला जाणता माणूससुद्धा सुरुवातीला एफबीआयच्या पुराव्यावर नाक मुरडत होता. म्हणून यांची कॉलर ताठ.

पण मला विचाराल तर... आता हे कुणाला सांगू नका माझं नाव घेऊन. मला ते २१ नोव्हेंबरचं पत्र छळतं. सापळा दिसायच्या तीन दिवस आधी सोनीच्या साहेबांना ईमेल आलं होतं, त्यात काय मागितलं? पैसे. सिनेमाचं अक्षर नाही! कोरियाने जूनमध्येच त्या सिनेमाला युद्धाची कृती म्हटलं होतं, म्हणून बातमीदारांनी दोनाला दोन जोडले. आणि त्यानंतर, ८ डिसेंबरला, चोरांच्या तोंडी सिनेमा आला. आधी वर्तमानपत्रात, मग चोरांच्या पत्रात. म्हणजे बघा, कुणीतरी घातलेलं मत त्यांनी उचललं की मुळातच तेच मनात होतं आणि पैशाचं नुसतं निमित्त होतं? भाचा म्हणतो, मावशी, दोन वेगळी पत्रं दोन वेगळ्या हातांची असू शकतात. असू शकतात ना. म्हणून तर झोप येत नाही.

एफबीआयने १९ डिसेंबरला कोरियाचं नाव घेतलं. पुरावा मागितला तर म्हणाले, सगळा दाखवता येत नाही. मग जानेवारीत त्यांच्या साहेबांनी, कॉमींनी सांगितलं, चोर अधूनमधून गाफील राहिले, आपला पत्ता लपवायचाच विसरले. आणि त्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की अमेरिकेची हेरसंस्था एनएसए २०१० पासून कोरियाच्या जाळ्यात शिरून बसलीय. यांनी तेव्हा वर्तमानपत्र आपटलं. म्हणाले, शिरून बसले होते तर चोरी होताना काय झोपले होते? भाचा गप्प. मध्येच २२ डिसेंबरला कोरियाचं इंटरनेट नऊ तासांहून जास्त बंद पडलं होतं, त्यावर अमेरिका हो म्हणेना की नाही म्हणेना. त्याचे अर्थ आमच्या सोसायटीत चार निघाले.

आणि मग २०१८ आलं. ते आपल्या अंगणातलं. पुण्याची कॉसमॉस बँक लुटली, गणेशखिंड रस्त्यावरची! ११ ऑगस्टला शनिवारी २८ देशांतल्या एटीएमांतून खोटी कार्डं घालून पैसे काढले, सोमवारी १३ तारखेला उरलेले थेट हाँगकाँगला पाठवले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख. १९०६ ची जुनी बँक हो! वरच्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले काका ती बातमी वाचून पायरीवरच बसले. चेहरा असा उतरला की त्यांच्या स्वतःच्या खिशातून गेले असावेत. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, बँकेचा स्विच आणि एटीएम यांच्यामध्ये चोरांनी आपलाच खोटा स्विच बसवला, तोच हो म्हणत होता. कार्ड खरं की खोटं, बँकेला विचारलंच नाही कुणी.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी कॉसमॉसचं नावही कोरियाच्या खात्यात लिहिलं. २०२३ ला पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा दिली. हे लगेच उठले, बघ, आपलीच माणसं निघाली, घरभेदीच! भाचा म्हणाला, काका, ते एटीएमसमोर उभं राहून नोटा गोळा करणारे हमाल होते, त्यांना कुणी सांगितलं आणि कुठून, ते विचारा. यांनी उत्तराऐवजी ताक मागितलं.

आणि सर्वांत मोठी गंमत ऐका. कॉसमॉसनंतर महिनाभरातच, सप्टेंबरात, अमेरिकेने आरोपपत्र जाहीर केलं. पार्क जिन ह्योक. सोनी त्याच्याच नावावर, बांगलादेश बँकेतले ८ कोटी १० लाख डॉलर त्याच्याच नावावर, २०१७ चा वॉनाक्राय व्हायरसचा हल्लाही त्याच्याच. एफबीआयचं पोस्टर, त्यावर फोटो, पूर्ण नाव, चीनमधल्या कंपनीत होता तेसुद्धा. भाच्याने फोनवर काढून दाखवला, साधा मुलगा हो, सूट घातलेला, आमच्या गल्लीत क्लास घेणाऱ्या सरांसारखा. तर कोरियाने काय सांगितलं? असा माणूसच नाही आमच्याकडे! अस्तित्वातच नाही!

हे कधीचे गप्प बसले होते, ते एकदम ताठ झाले. म्हणाले, ऐकलंस? मी दहा वर्षं काय सांगतोय?