एस. पेणकर म्हणजे कुठले?

"वैनी, ओ वैनी! कढीपत्ता मागनं तोडा, आधी हे बघा. कुरिअरचा पोरगा आमच्या पायरीवर टाकून गेला. एस. पेणकर, अलिबाग. फोन नंबराची शाई पावसानं पार धुऊन निघालीय."

"मग द्या की सलीमभाईंना."

"सलीमभाईंचंच कशावरून? इस्रायल आळीतले सॉलोमनअंकलपण पेणकरच ना!"

वैनी नाशिककडच्या. आडनाव ऐकलं की माणसाची जात-धर्म सांगून मोकळ्या होतात. इकडे ते जमत नाही. त्यांनी डहाळी कुंपणावर ठेवली. "ज्यू आणि पेणकर?"

"अहो, पेणचा तो पेणकर! गाव काय धर्म विचारून आडनाव देतं? रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. दिवेकर तर चित्पावनांतही आहेत नि या बेने इस्रायलांतही. यांचे पूर्वज म्हणे जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष नि सात बायका वाचल्या. मग गावोगाव घाणे चालवून तेल काढायचे. शनवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. जे ज्या गावात रुजले, ते तिथले 'कर' झाले. आपल्या कोकणी मुसलमानांतही तीच रीत."

"मग ओळखायचं कसं हो?"

"पहिल्या नावावरनं. तिथंही फसगत व्हायचीच, कारण दाऊद नि डेव्हिड, इब्राहिम नि अब्राहम मुळात एकच. 'बूट पॉलिश'मधला टकलू डेव्हिड आठवतो? डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल. पडद्यावर नुसतंच डेव्हिड, मग कोणाला कळणार हा चौलचा म्हणून! मुंबईला गेलेल्या बऱ्याच जणांनी गाव सोडून वाडवडिलांचं नावच आडनाव म्हणून लावलं."

मी आवाज जरा खाली आणला. खरी गंमत पुढंच होती.

"आळीतलं त्यांचं प्रार्थनास्थळ आहे ना, त्याला त्यांची जुनी माणसं मशीदच म्हणायची. मुंबईतलं पहिलं १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं, ती 'जुनी मशीद'. मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरनंच पडलं म्हणतात. आणि धर्माचं बघणारा कोण, तर काझी! झिराडकर, राजपूरकर, शापूरकर, या घराण्यांत काझीपद होतं."

"अगंबाई! काझी ज्यू, मशीद ज्यू..."

"म्हणून म्हणते, घाईनं कोणाला सलाम ठोकू नका."

"आता कितीशी घरं उरलीत त्यांची?"

"बोटांवर मोजण्याइतकी. इस्रायल देश झाला ४८ साली, मग हळूहळू निघालेच सगळे. पण आडनावं घेऊन गेले हो! तिकडनं 'मायबोली' नावाचा मराठी अंकही काढतात."

वैनींनी पार्सल उचलून कानाशी हलवून बघितलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"मग आता कोणाकडे नेऊ?"

"सलीमभाईंकडे. आज शनवार, अंकल त्याला हातही लावायचे नाहीत. आणि डहाळी विसरलात."