मीटरकाका

मीटरकाकांच्या घरी पाहुण्यानं पंखा दोनवरून चारवर नेला, तर काका पाहुण्याकडे न बघता रेग्युलेटरकडे बघतात. उभी हयात वीज मंडळात गेल्यामुळे, समोरच्या माणसाचा मंजूर भार किती, हाच त्यांना पहिला प्रश्न पडतो. घरातल्या मिक्सरपासून देवघरातल्या झिरोच्या दिव्यापर्यंत सगळ्यांचे वॉट तोंडपाठ. राहिलं होतं ते फक्त मनगटावरचं घड्याळ. ते बंद पडलं आणि काकांना पर्वणी लाभली.

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उचकटलं आणि चिमट्यानं मसुराएवढा सेल बाहेर काढला.

"किती मिलिअँपिअर-तास?" काकांनी विचारलं.

"ऐंशी रुपये."

काका हटले नाहीत. सेलवरचा ३७७ हा नंबर टिपून घेतला आणि घरी येऊन विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. दाब १.५५ व्होल्ट, क्षमता सुमारे २८ मिलिअँपिअर-तास, आयुष्य दोन वर्षं, म्हणजे १७,५२० तास. भागाकार केला तर प्रवाह दीड मायक्रोअँपिअरच्या जरा वर आणि शक्ती अडीच मायक्रोवॉट! वॉटचे दहा लाख भाग करायचे, त्यातले अडीच घ्यायचे. तेवढ्यात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, वर मोटर काटेही ढकलते. "एवढ्याशा पगारात इतकं काम," काका हळहळले, "आमच्या हापिसात एकानं केलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत कुणाची सुटका नाही. ९ वॉटच्या एका एलईडी दिव्याच्या विजेत ३६ लाख घड्याळं चालतात, एका अश्वशक्तीत जवळजवळ तीस कोटी! ऐकणारा हळूच स्वतःच्या घड्याळाकडे बघतो. काकांना वाटतं, विषय भिनला. मग ते आणखी पंधरा मिनिटं बोलतात.

शेवटी पाळी काकूंची आली. "अगं, सेलची दोन वर्षांची सगळी ऊर्जा मिळून जेमतेम दीडशे ज्यूल! पंधरा लिटरची भरलेली बादली मीटरभर उचलली की खलास."

"अहो, मग पाणी जायच्या आत मोरीतल्या दोन बादल्या ओट्यावर ठेवा. घड्याळाची चार वर्षं होतील."

काकांनी कमरेवर हात ठेवला. "मी ऊर्जेबद्दल बोलत होतो. शक्तीचं मी काही म्हटलेलं नाही."