लिंग बदला (गुण ५)

भाचीने एम.ए.ला स्त्री अभ्यास घेतला, ही बातमी आमच्या घराण्यात पसरायला दुपारचा एक चहा पुरला. तेवढ्यावर भागलं असतं, तर खपूनही गेलं असतं. स्त्रियांचा अभ्यास म्हणजे जिजाऊ, झाशीची राणी आणि फार तर हळदीकुंकवाचा इतिहास, अशी काकांची समजूत होती. पण पोरगी प्रामाणिक. तिने अभ्यासक्रमाचा कागदच पुढे केला. 'लिंगभाव आणि लैंगिकता' या ओळीवर काकांचा चष्मा अडकला. त्यांनी कागद टीपॉयवर पालथा घातला आणि वर पंचांग ठेवलं.

"हे विद्यापीठात शिकवतात?"

"पुण्यात केंद्र १९८७ पासून आहे, काका. मुंबईला एसएनडीटीत तर १९७४ पासून."

ही साथ गेल्या दोन-चार वर्षांत मोबाइलमधून आली, असं काकांना वाटत होतं. ते गप्प झाले.

मला मात्र काकांचंच नवल वाटलं. काका मराठीचे निवृत्त मास्तर. तीस वर्षं त्यांनी पाचवीच्या फळ्यावर 'लिंग बदला' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि पोरांनी ते पाच मार्कांसाठी पटापट बदललं. एकाही पालकाची तक्रार आली नाही. तिसऱ्या लिंगाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साल उजाडलं. आमच्या व्याकरणात ते पहिल्यापासून आहे, फक्त नाव जरा अपमानास्पद ठेवलंय. आणि वाटणी तरी काय! मिशी ती, पदर तो. स्वयंपाक तो, पण करणारी ती. बायको स्त्रीलिंगी असते, पण जुन्या वळणाच्या माणसाने 'आमचं कुटुंब' म्हणून ओळख करून दिली की जागच्या जागी नपुंसकलिंगी होते. गोव्यातल्या आमच्या विहीणबाई तर घरच्या मुलीविषयी कोकणीत 'तें आयलें, तें गेलें' असंच बोलतात. एवढा ऐवज घरात असताना पोरीने त्यावर प्रबंध लिहायला घेतला, तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते दुसऱ्या शब्दाशी. लैंगिकता हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडून फुटत नाही. काका त्याला 'ते' म्हणतात, मावशी 'तसलं' म्हणते. (इथेही नपुंसकलिंगच, हे भाचीने टिपून घेतलं.) तसा हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर गुप्तरोगांचे जाणकार वैद्य हातभर अक्षरांत पत्ता देतात, आणि त्या भिंतींमुळे कुणाची संस्कृती बुडाल्याचं ऐकिवात नाही. २००७ साली शाळेच्या पुस्तकांतून तोच विषय यायला लागला, तेव्हा मात्र विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने तो थांबवला. म्हणजे भिंतीवर चालतं, फळ्यावर नको.

पोरीला बळ द्यावं म्हणून मी रघुनाथ धोंडो कर्व्यांचं नाव काढलं, आणि पस्तावलो. काका महर्षी कर्व्यांना देवासारखे मानतात. महर्षींनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, हे ते दर भाऊबिजेला सांगतात. महर्षींच्या थोरल्या मुलाचं काय झालं, हे मात्र कधी सांगत नाहीत. मग मीच सांगितलं. विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली नोकरी सोडावी लागली. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली तर वकील म्हणून खुद्द डॉक्टर आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बघ," ते भाचीला म्हणाले, "त्यांच्या हातात निदान गणित होतं, तरी नोकरी गेली. तुझ्या हातात तर गणितही नाही."

यावर उत्तर नव्हतं. भाचीने वही उघडली.

ती वही हल्ली घरात सगळ्यांना खुपते. रविवारच्या जेवणात कुणाच्या पानात तव्यावरची पोळी पडते आणि कुणाच्या पानात डब्यातली, हे तीत तारीखवार आहे. मावशीने मागच्या चार रविवारी उभ्याने चहा प्यायला, हेही आहे. सगळ्यात लांब नोंद काकांची. जेवताना काका समोर बघत नुसतं "पाणी" म्हणतात. भाचीने त्याचं वाक्यपृथक्करण केलंय: कर्ता नाही, क्रियापद नाही, संबोधनही नाही, तरी स्वयंपाकघरातून तांब्या बाहेर येतो. काकांनी ते वाचलं. व्याकरणात चूक काढता येईना म्हणून त्यांचा चेहरा पडला. ते उठून आत गेले, तांब्या कुठे असतो ते मावशीला विचारलं आणि तिच्याच हातून तो घेऊन आले.

तेवढ्यात फोन वाजला. सूचक मंडळातल्या बाई होत्या. भाचीची माहिती त्यांच्याकडे महिन्यापूर्वीच काकांनी परस्पर धाडली होती, हे असं उघडकीला आलं. स्पीकर चालू राहिलेला. वय, उंची, पत्रिका झाली. मग बाई म्हणाल्या, "आणि एम.ए. कशात म्हणायचं?"

काकांनी भाचीकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. पंचांगाखालून डोकावणाऱ्या कागदाकडे पाहिलं. घसा खाकरला.

"व्याकरणात," काका म्हणाले. "म्हणजे, मुख्यतः लिंग. वचन वगैरे पुढच्या वर्षी असेल."

"अगंबाई, छानच की!" पलीकडून आवाज आला. "मग पुढे बी.एड. करून घ्या. शाळेच्या वेळा संसाराला बऱ्या पडतात."

भाचीने पेनाचं टोपण काढलं.